सरकारी बांगडी

पंधरा बायकांपैकी चौदा जणी खोटं बोलत आहेत असं यंत्रानं सांगितलं, आणि ऋजुता धुरीला त्यात फारसं नवल वाटलं नाही.

वेंगुर्ल्याच्या पुढे असलेल्या एका काजू कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत ती सकाळपासून बसली होती. समोर लांब टेबल, त्यावर पांढरं मनगटी कडं, कड्याला जोडलेला पडदा. एकेक बाई आत यायची, हातातल्या बांगड्या उतरवून पदरात बांधायची आणि हे कडं चढवायची. कागदोपत्री त्याचं नाव नस-फुगमापक. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याला सरकारी बांगडी करून टाकलं होतं.

पंधराही जणी काजू फोडणाऱ्या. उकडलेली बी पात्यात धरायची, पायानं दांडा दाबायचा, टरफल दुभंगलं की बोटांनी गर सोडवून घ्यायचा. सगळं आपोआप करणारी यंत्रं येऊन वीस वर्षं झाली होती, पण ती गर मोडायची, आणि परदेशातलं गिऱ्हाईक हातानं काढलेला अख्खा गरच मागायचं. टरफलात चीक असतो, कातडी जाळणारा. हातमोजे घातले की बी पात्यात नीट बसत नाही, म्हणून बायका हाताला खोबरेल लावून वर राख चोळायच्या आणि कामाला बसायच्या. आता त्यांचं म्हणणं होतं की हात सतत जळतात, पाण्यात घातले तरी जळतात. आम्हाला प्रतवारीच्या टेबलावर बसवा. प्रतवारी म्हणजे सुकलेले गर आकाराप्रमाणे वेगळे करायचे, कोरडं आणि स्वच्छ काम. मालकाची हरकत नव्हती. फक्त व्यवसायरोग मंडळाचा दाखला हवा होता, आणि मंडळ बांगडीशिवाय दाखला देत नसे. ऋजुता त्या मंडळाची तालुक्यातली तपासनीस.

मज्जातंतूतून, म्हणजे ज्याला आपण बोलताना नस म्हणतो तिच्यातून, संदेश विजेच्या रूपानं जातो हे शाळेतल्या पुस्तकातही असतं. पण ती लाट जाते त्या क्षणी नस किंचित फुगते आणि लगेच पूर्ववत होते, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. हा फुगा काही नॅनोमीटरचा, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. गेल्या शतकात कुणी तरी तो खेकड्याच्या नसेवर पहिल्यांदा मोजला, आणि नंतर बरीच वर्षं ती गोष्ट प्रयोगशाळेतच राहिली. मग कातडीतून प्रकाश आत सोडून, परतलेल्या प्रकाशावरून आतली हालचाल मोजण्याची कला इतकी सुधारली की जिवंत माणसाच्या मनगटावर, सुई न टोचता, हा फुगा दिसू लागला. बोटाला शेकडो वेळा बारीक चटका द्यायचा, शेकडो फुगे मोजायचे आणि त्यांची सरासरी काढायची. स्पर्शाचे तंतू जाड असतात, त्यांच्यातला संदेश आगगाडीच्या वेगानं जातो. वेदनेचे बारीक तंतू पायी चालल्यासारखे येतात. त्यामुळे पडद्यावर उशिरा उठलेला उंचवटा म्हणजे वेदना. उंचवटा असेल तर दुखतंय. रेघ सपाट असेल तर दुखत नाही.

इतकं सोपं यंत्र हाती आल्यावर ते कुठे कुठे गेलं नसतं? आजारपणाची रजा, अपघाताचे दावे, तुरुंगातल्या तक्रारी. सावंतवाडीच्या एका शाळेनं पोटदुखीसाठीही ते मागवलं होतं. नुसतं ‘दुखतंय’ म्हणणाऱ्या माणसाकडे लोक आता थोडं थांबून बघायचे.

अकरावी बाई आत आली तेव्हा ऋजुतानं मान वर केली नाही.

“नाव?”

“ठावक नाय काय तुका?”

दारात थांबलेल्या बायका हसल्या.

“नियम आहे, ताई.”

“लिव. दर्शना सखाराम धुरी. वय बावन. तेवीस वर्सां टेबलार. पत्तो सांगू, काय तुझोच घालतंस?”

दर्शना ही ऋजुताच्या नवऱ्याची, प्रथमेशची मोठी बहीण. लग्न केलं नाही, भावाला वाढवलं आणि अजून त्याच घरात राहत होती. नात्यातल्या माणसाची तपासणी करायची नाही असा मंडळाचा दंडक होता. पण तालुक्यात बांगडी चालवणारी दुसरी कुणी नव्हती. अर्जावर ‘तपासनीसाशी नाते’ असा एक रकाना होता. तो ऋजुतानं कोरा ठेवला.

चटके सुरू झाले. दर्शनानं डोळे मिटले, ओठ आवळले. “जळता,” ती म्हणाली. “मगासपासून जळतासा, तेच्यात ह्या आणखी.”

पडद्यावरची रेघ शांत होती. निजलेल्या पाण्यासारखी.

ऋजुताला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं तिला कळलंही. कऱ्हाडहून लग्न होऊन आल्याला सहा वर्षं झाली, आणि सहा वर्षं ती हे ऐकत होती. कपडे पिळायचे म्हटलं की ताईंचा हात जळतो. टोप उतरवायचा म्हटलं की हात जळतो. आणि फेब्रुवारी उजाडला, सुरंगीला कळ्या आल्या की हीच बाई पहाटे घरापुढच्या खळ्यात बसून वळेसर, म्हणजे त्या कळ्यांचे गजरे, ओवते. सुरंगीची कळी ती काय, धसमुसळेपणानं धरली तर देठच तुटतो. तसले पन्नास-पन्नास वळेसर सकाळी आठच्या आत. दुखणारे हात असे चालतात?

तिनं मागच्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याचं चित्रण करून ठेवलं होतं. चार मिनिटांचं. ताईंना ठाऊक नव्हतं.

पंधरांपैकी एकटीची रेघ उठली. सुवर्णा मेस्त्री, वय एकतीस, टेबलावर येऊन चार महिने. बाकीच्या चौदांच्या रेघा सपाट किंवा जवळजवळ सपाट, आणि त्यातही जुन्या बायकांच्या अधिकच सपाट. मंडळाचे वैद्यकीय अधिकारी डॉ. इनामदार कोल्हापुरात बसत. त्यांनी संध्याकाळी फोनवर आकडे पाहिले आणि म्हणाले, “उघड आहे. नवीन मुलीला खरंच त्रास होतोय. तिचं पाहून जुन्यांनी टूम काढली. आणखी काही आधार आहे का तुमच्याकडे? एकदम चौदा अर्ज फेटाळायचे म्हणजे ओरड होणार.”

“एक चित्रण आहे,” ऋजुता म्हणाली.

तिनं ते पाठवलं. कुणाचं आहे ते सांगितलं, पण ती आपली कोण ते सांगितलं नाही.

निकाल कारखान्याच्या फळ्यावर लागला त्या दिवशी दर्शना घरी आली, पाय धुतले आणि पडवीत बसून राहिली. प्रथमेश नाक्यावर गाड्यांच्या बॅटऱ्या बदलून देण्याचं केंद्र चालवायचा; तो यायच्या आधीच गावात सगळं पसरलं होतं.

“ताई, जेवूक चल,” तो म्हणाला.

“माझो हात बरो आसा म्हणे. सरकारान लिवन दिल्यान. आता मी जेवान करतंय, बस तू.”

“असा काय बोलतंस?”

“मग कसा बोलू? चौदा जणींची नावा फळ्यार. खाली लिवलेला, तक्रार निराधार. ती केळुसकरांची म्हातारी वाचूक येणा नाय म्हणान माका विचारता, निराधार म्हणजे काय गो? मी काय सांगू तिका?”

ऋजुता भाकऱ्या थापत होती. तिनं हात थांबवला नाही. “ताई, मी नाही काही ठरवलं. यंत्र जे दाखवतं ते लिहायचं, एवढंच माझं काम.”

“होय तर. तू खय काय करतंस.”

प्रथमेशनं एकदा बायकोकडे आणि एकदा बहिणीकडे बघितलं. नंतर तो हळू आवाजात ऋजुताला म्हणाला, “खरंच काही नव्हतं रेघेत?”

“नव्हतं.”

“मग ती आल्या आल्या हात माठाला लावून का उभी राहते? कुणी बघत नसतं तेव्हा पण. मी लहानपणापासून बघतोय.”

“कुणी बघत नसतं तर तुला कसं दिसतं?” ऋजुता म्हणाली. बोलून गेल्यावर तिला ते वाक्य आवडलं नाही, पण तिनं ते परतही घेतलं नाही.

दहा दिवसांनी डॉ. इनामदारांचं पत्र आलं. हे प्रकरण त्यांना इतर जिल्ह्यांतल्या तपासनीसांना नमुना म्हणून दाखवायचं होतं, ‘सामूहिक बनाव कसा ओळखावा’ या नावाखाली. त्यासाठी मूळ नोंदी हव्या होत्या, सगळ्या, काटछाट न केलेल्या.

बांगडी दोन्ही रेघा टिपते, स्पर्शाची आणि वेदनेची. पूर्वी स्पर्शाची रेघ बघूनच कडं नीट बसलंय की नाही ते ठरवत. पुढे ते काम नाडीच्या ठोक्यावरून होऊ लागलं, आणि तपासणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून स्पर्शाची रेघ पडद्यावरून काढून टाकली. ती आत साठत राहायची. मूळ नोंदी पाठवायच्या म्हणून ऋजुतानं ती उघडली.

सुवर्णा मेस्त्रीची स्पर्शाची रेघ ठसठशीत उठलेली होती.

दर्शना धुरी, सपाट. केळुसकर, सपाट. चौदाच्या चौदा सपाट, नाही तर सपाटीला टेकलेल्या.

तिनं ऑफिसातला पंखा बंद केला, जणू त्याच्या आवाजानं नीट दिसत नव्हतं. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. दुखत नसताना दुखतंय म्हणता येतं, ते सोंग झालं. पण स्पर्शाचं काय? या रेघेप्रमाणे या बायकांच्या बोटांना काहीच कळायला नको. लाकूड की लोखंड, कळायला नको. बी पात्यात धरताना बोट कुठे संपलं आणि पातं कुठे सुरू झालं ते कळायला नको. तसं असतं तर चौदा जणींची मिळून शंभर बोटंही शिल्लक राहिली नसती.

पाठवायच्या कागदांत ते चित्रणही होतं. तिनं लावलं. दर्शनाताई खळ्यात बसलेली. समोरच्या वाटेनं कुणी तरी चाललंय, त्याच्याशी ती मोठ्यानं बोलतेय, त्याच्या म्हशीची चौकशी करतेय. मान पूर्ण वळलेली. आणि खाली सुपात तिची बोटं कळीमागून कळी उचलतायत, देठ चाचपतायत, एखादी उमललेली लागली की बाजूला टाकतायत. चार मिनिटांत एकदाही ती सुपाकडे बघत नाही.

हेच चित्रण ऋजुतानं आधी चार-पाच वेळा पाहिलं होतं. तेव्हा तिनं फक्त बोटं पाहिली होती, मान पाहिली नव्हती.

त्या बोटांना स्पर्श कळत होता. बांगडी म्हणत होती, कळत नाही. मग वेदनेबद्दल बांगडीचा शब्द का धरायचा?

तिनं कारखान्याच्या हजेरीवरून प्रत्येकीची टेबलावरची वर्षं काढली आणि शेजारी रेघेची उंची मांडली. चार महिने, पूर्ण उंची. तीन वर्षं, एक पंचमांश. आठ वर्षं, जेमतेम. पंधरा वर्षांपुढे काहीच नाही. जुन्या बायका अधिक निर्ढावलेल्या खोटारड्या, असा अर्थ तिनं आणि इनामदारांनी लावला होता. त्या आकड्यांचा दुसरा अर्थ इतका वेळ त्यांच्या समोरच होता, की त्या जास्त वर्षं चिकात होत्या.

नस फुगते ती तिच्या आवरणामुळे. हे आवरण स्निग्ध रेणूंचं, तेलासारखं. विजेची लाट आली की ते रेणू क्षणभर दाटीनं उभे राहतात, थंडीत खोबरेल थिजावं तसे, आणि लाट गेली की पुन्हा सैल होतात. त्या दाटण्यानंच नस जाड होते. पण त्या तेलात परकं काही मिसळलं तर? काजूच्या चिकातले रेणूही लांब शेपटीचे, तेलात सहज घुसणारे. तेवीस वर्षं ते कातडीतून मुरत राहिले, तर आवरण थिजणं विसरून जाईल. वीज मात्र आवरणातल्या वेगळ्या बारीक दारांतून ये-जा करते; ती जातच राहील. म्हणजे संदेश जातोय, दुखतंय, जळतंय, आणि नस फुगत नाहीये. वीज आणि फुगा या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, असं बांगडी धरून चालत होती. काजूच्या हातांत त्या दोन बाजू सुटल्या होत्या.

दुसरीही एक शक्यता होती. चिकानं कातडी काळी पडते, त्यामुळे प्रकाशच आत जात नसेल. ती आधी निकालात काढायला हवी होती. ऋजुतानं कारखान्यातून टरफलं मागवली, ठेचली, आणि निघालेला चीक आपल्याच डाव्या मनगटावर चोळला. कातडी काळी होऊन फोड यायला दोन दिवस लागले. मग त्यावरूनच बांगडी चढवली. दोन्ही रेघा उठल्या, नेहमीच्या उंचीच्या. काळी कातडी प्रकाश अडवत नव्हती.

तिनं कोल्हापूरला फोन लावला.

डॉ. इनामदारांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले, “म्हणजे यंत्र चुकतं.”

“काजूच्या हातांवर चुकतं.”

“उद्या मिरची कांडणाऱ्या म्हणतील मिरचीच्या हातांवर चुकतं. परवा चुना भाजणारे येतील. मॅडम, हे यंत्र आठ जिल्ह्यांत चालतंय. कोर्टात चालतंय.”

“स्पर्शाच्या रेघा बघा ना, सर. त्या खोट्या कशा असतील?”

“बघतो. पण एक विचारू? दर्शना धुरी तुमच्या कोण?”

ऋजुतानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“नणंद.”

“आडनाव मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं. म्हटलं, गावात धुरी पुष्कळ असतील. रकाना कोरा होता.” ते पुढे म्हणाले. “तुम्ही तेव्हा तिच्याविरुद्ध लिहिलंत, आता तिच्या बाजूनं लिहिताय. मी कुठल्या वेळचं खरं धरू? मला तुमची शंका घ्यायची नाहीये. पण माझ्या जागी कुणीही घेईल.”

“मग सुईची तपासणी करा. वीज थेट मोजा.”

“करा की. मी नाही म्हणणार नाही. फक्त तुम्ही करायची नाही, आणि एका हातावर भागणार नाही. निदान दहा हात हवेत. सुई नसेत जाते, एकेका हाताला तीन तास लागतात. तुमच्या बायका देतील हात?”

तुमच्या बायका, असं ते म्हणाले.

सावंतवाडीला डॉ. ग्रेसिया लोबो होत्या. निवृत्त होऊनही सुईचं जुनं यंत्र त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि बांगडीवर त्यांचा कधीच जीव नव्हता. त्या तयार झाल्या. राहिल्या बायका.

दुपारच्या सुट्टीत ऋजुता कारखान्यात गेली. चौदांपैकी तेरा जणी जेवणाच्या खोलीत होत्या. तिला पाहून बोलणं थांबलं. सुवर्णा मेस्त्रीही प्रतवारीच्या खोलीतून पाणी प्यायला आली होती, ती दारातच उभी राहिली.

ऋजुतानं सांगितलं: बांगडी चुकली. का चुकली तेही सांगितलं, खोबरेल तेलाचा दाखला देऊन. मग सुईचं सांगितलं.

“आधी बांगडी, आता सुई,” विद्या नावाची बाई म्हणाली. “फुडल्या खेपेक काय, करवत?”

खोलीत हशा पिकला. केळुसकरांची म्हातारी हसली नाही. तिनं विचारलं, “ही सुईय चुकली तर? मग आमी दोनदा खोट्या?”

“सुई चुकणार नाही.”

“बांगडेच्या वक्ताकय तू असाच म्हणालेलंस.”

ते खरं होतं. ऋजुतानं सगळ्यांकडे बघितलं, फक्त खिडकीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या दर्शनाकडे बघायचं टाळलं. मग तिला वाटलं, अर्धं सांगून या बायका तयार होणार नाहीत, आणि होऊही नयेत.

“आणखी एक आहे,” ती म्हणाली. “नुसत्या बांगडीवर अर्ज फेटाळले नाहीत. मी एक चित्रण पाठवलं होतं. ताई वळेसर ओवतात त्याचं. खिडकीतून केलं. त्यांना न सांगता. हात चांगले आहेत हे दाखवायला.”

बाहेर बॉयलरची वाफ सुटल्याचा आवाज आला आणि थांबला. दर्शना वळली.

“कधी केलंस?”

“तपासणीच्या आठ दिवस आधी.”

“म्हणजे बांगडी घालुच्या आधीच तुझा ठरलेला.”

“हो.”

दर्शनानं डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, तिनं पुन्हा लावलं. “मी पहाटे कित्याक ओवतंय ठावक आसा? दिसभर हात जळतत. पहाटे दव असता, कळे थंडगार असतत. तेवडोच येळ बरा वाटता माका.” ती बायकांकडे वळली. “मी हात देतंय. हिच्यासाठी नाय. त्या फळ्यारचा माझा नाव पुसूक होया.” आणि ऋजुताला म्हणाली, “पण तू थय रवायचा नाय. सुई टोचताना तू माझ्या समोर नको.”

मग विद्यानं हात वर केला. तिच्यामागून आणखी. बारा झाले. केळुसकरांची म्हातारी शेवटपर्यंत नाही म्हणाली. एकदा फसले तेवढं पुरे, असं तिचं म्हणणं होतं आणि कुणी तिला आग्रह केला नाही.

तपासणीला सहा दिवस लागले, दिवसाला दोन हात. डॉ. लोबोंनी ती सावंतवाडीत, मंडळानं पाठवलेल्या दोन परक्या तंत्रज्ञांच्या समोर केली. ऋजुता एकदाही गेली नाही. सातव्या दिवशी तिला निकालाची प्रत मिळाली. बाराही हातांत विजेच्या लाटा जात होत्या. स्पर्शाच्या जात होत्या आणि वेदनेच्याही. वेदनेच्या तर काही न टोचता, काही न चटका देता, आपोआप उठत होत्या, मिनिटाला चाळीस-पन्नास. शेजारी त्याच वेळी लावलेल्या बांगडीची रेघ छापली होती. सपाट.

खाली लोबोबाईंनी हातानं एक ओळ लिहिली होती: या हातांनी काम कसं केलं असेल याची मला कल्पना करवत नाही.

मंडळानं पत्रक काढलं. त्यात ‘चूक’ हा शब्द नव्हता. तेलकट रसायनांत काम करणाऱ्यांसाठी बांगडीचा निष्कर्ष ‘अपुरा’ धरावा, असं होतं. बारा जणींना प्रतवारीचा दाखला मिळाला. केळुसकरांच्या म्हातारीला मिळाला नाही, कारण तिची सुईची नोंद नव्हती. चौदावी आशाताई परब तर सुईच्या आधीच काम सोडून मुलीकडे गोव्याला निघून गेली होती. म्हातारीसाठी ऋजुतानं वेगळा अर्ज केला, तो परत आला, तिनं पुन्हा केला. कोरा ठेवलेल्या रकान्याबद्दल तिची चौकशी लागली आणि बांगडी तिच्याकडून काढून घेण्यात आली. जुन्या नोंदी चाळून स्पर्शाच्या रेघा शोधायचं काम कुणी तरी करायला हवं असं तिनं लेखी कळवलं. आठ जिल्ह्यांत मिळून फेटाळलेले अर्ज एकवीस हजारांच्या घरात होते. त्याला अजून उत्तर आलं नव्हतं.

दर्शना सोमवारपासून प्रतवारीला बसू लागली. घरात ती कामापुरतं बोलायची. मीठ संपला, गॅस येतलो, असं.

एका संध्याकाळी ऋजुता भांडी घासत होती. मनगटावरचे फोड अजून भरले नव्हते, साबणाचं पाणी त्यात गेलं आणि ती कळवळून मागे सरली. टोप खाली पडला. दर्शना दारात येऊन उभी राहिली.

“काय झाला?”

“काही नाही. चिकाचं आहे. जळतंय.”

दर्शना तिच्या मनगटाकडे बघत राहिली. काळी कातडी, मधे लाल, कडेला पाणी धरलेलं. मग तिनं ऋजुताच्या तोंडाकडे पाहिलं, शांतपणे, अर्ज वाचावा तसं.

“कशावरून?” तिनं विचारलं.

ऋजुताला वाटलं ती हसेल. दर्शना हसली नाही. ती खरंच उत्तराची वाट बघत उभी होती. नळ वाहत होता. ऋजुतानं हात पुढे केला, पण हात म्हणजे उत्तर नव्हे हे तिला आता ठाऊक होतं, आणि तो तसाच हवेत राहिला.

“मी सांगतेय म्हणून,” ती शेवटी म्हणाली.

दर्शनानं ते ऐकलं. पुरलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिनं पुढे येऊन नळ बंद केला, पडलेला टोप उचलला आणि उरलेली भांडी आपल्याकडे ओढून घासायला सुरुवात केली. पाण्यात हात गेल्याबरोबर तिचा श्वास अडकला. ऋजुतानं तो ऐकला आणि या खेपेला काही विचारलं नाही.